एक विहीर, दोन निकाल
(द्वितीय वर्ष, कला)

आमचे गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहे. अकोला, अमरावती व बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या गाळाच्या प्रदेशाला 'खारपाणपट्टा' म्हणतात. नावातच त्याचे दुखणे आहे.

सहा वर्षांपूर्वी बाबांनी कर्ज काढून वावरात विहीर खोदली. पाणी लागले, आणि तेही खारट नाही! आजीने पारख केली: साबणाला भरपूर फेस येतो, तुरीची डाळ लवकर शिजते. पाणी 'गोड' ठरले आणि हरभऱ्याला, गव्हाला ओलीत सुरू झाले. तिसऱ्या वर्षापासून जमीन चोपण होऊ लागली. पाणी वरच साचून राही आणि वाळले की ढेकूळ फोडता फुटत नसे.

"पाणी तं गोड हाये, मंग वावर काहून बिघडलं?" बाबांनी मला विचारले. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा उत्तर शोधणे माझ्याकडे आले.

भूगोलाच्या सरांनी पाणी तपासून घेण्यास सांगितले. मी शीतपेयाच्या जुन्या बाटलीत पाणी घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि तसाच परत आलो! नमुना घेण्याची रीत तेथेच कळली. पंप दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. चिठ्ठीवर गाव, गट क्रमांक, विहिरीची खोली व तारीख लिहावी. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी. ती थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवावी. दुसऱ्या खेपेस मी गावातल्या पिण्याच्या विहिरीचाही नमुना नेला.

बाबांच्या विहिरीत विरघळलेले क्षार लिटरला ९०० मिलिग्रॅम निघाले. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात ही मर्यादा ५०० आहे. दुसरी सोय नसल्यास २००० पर्यंत चालते. तपासलेले बाकीचे घटकही याच सवलतीत बसले. पिण्याच्या परीक्षेत विहीर कशीबशी उत्तीर्ण झाली.

शेतीची परीक्षा वेगळी असते. तेथे क्षार किती याबरोबर कोणते, हेही पाहतात. लिटरला कार्बोनेट-बायकार्बोनेट ९ मिलिइक्विव्हॅलंट, तर कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून फक्त २. नवातून दोन गेले, उरले सात. ही बाकी अडीचच्या वर गेली की पाणी ओलितास अयोग्य मानतात. बायकार्बोनेट कॅल्शियमला चुनखडीच्या रूपाने खाली बसवते. मागे राहिलेला सोडियम काळ्या मातीच्या कणांना चिकटतो. कण फुगतात, विखुरतात आणि मातीची छिद्रे बुजतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी म्हणून साबणाला फेस येतो, आणि माती बिघडण्याचे कारणही तेच! आजीची पारख खोटी नव्हती. ती चुलीपुरती खरी होती.

गावातल्या विहिरीचा निकाल नेमका उलटा. पाणी जड, साबणाला फेस नाही, पण ओलितास चालण्याजोगे. मात्र शेजारच्या उकिरड्यातून झिरपलेले नायट्रेट लिटरला ६८ मिलिग्रॅम. मर्यादा ४५ आहे आणि तिला सूट नाही. पिकाला जे खत, तेच तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते. त्याला चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. माझ्या बहिणीचे तीन महिन्यांचे बाळ तेव्हा आमच्याकडेच होते आणि त्याच्या वरच्या दुधात आई हेच पाणी उकळून घालीत होती. अहवाल वाचताना माझे हात कापले. त्या दिवसापासून बाळासाठी नळाचे पाणी दुसऱ्या गावाहून येऊ लागले.

बाबांनी विहिरीचे ओलीत थांबविले, माती तपासून जिप्सम टाकले आणि पावसाच्या पाण्यासाठी शेततळे खोदले. जमीन हळूहळू सुधारत आहे. कर्ज अजून फिटलेले नाही. विहीर खोदल्यावर लगेच एक बाटली पाणी तपासले असते तर?

मित्रहो, दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या विहिरीचा नमुना घ्या. उन्हाळ्यात पुन्हा घ्या. आणि पाणी कशासाठी हवे, हे प्रयोगशाळेत आधी सांगा. आमच्याकडे तो अहवाल बाबांनी सातबाऱ्यासोबत पेटीत जपून ठेवला आहे.