घरच्या स्कॅनरसाठीं कोणती कृष्णधवल फिल्म घ्यावी?

गेल्या सुटींत आमच्या एका विद्यार्थ्यानें आजोबांचा जुना कॅमेरा दुरुस्त करून घेतला आणि मला विचारलें, "सर, यांत रोल कोणता घालूं? चित्रें घरच्याच स्कॅनरवर उतरवून घ्यावयाचीं आहेत." प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचें उत्तर कॅमेऱ्यापेक्षां स्कॅनरवर अधिक अवलंबून आहे.

नेहमींच्या कृष्णधवल फिल्मवरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचें असतें. रंगीत फिल्म धुतांना मात्र चांदी काढून टाकतात व केवळ रंगद्रव्य मागें राहतें. कित्येक स्कॅनरांत धूळ हुडकण्यासाठीं अवरक्त किरणांची योजना असते. हे किरण रंगद्रव्यांतून पार जातात, धूळ त्यांस अडविते. म्हणून यंत्रास धूळ तेवढी ओळखतां येते. पण चांदीही त्यांस अडविते! माझ्या आईच्या चित्रावर मीं एकदां ही सोय नकळत चालू ठेवली, तों यंत्रानें तिच्या भुवयाच धूळ समजून पुसट केल्या.

इल्फर्डची एक्सपी२ सुपर ही फिल्म याला अपवाद. ती कृष्णधवल असूनही रंगीत फिल्मच्या सी-४१ रसायनांत धुतात. चांदी उरत नाहीं, व धुळीची ती सोय बिनघोर वापरतां येते. ज्यांना फिल्म स्वतः धुवावयाची आहे त्यांनीं मात्र एफपी४ प्लस (१२५) किंवा एचपी५ प्लस (४००) घ्यावी. पहिलीचा कण बारीक. दुसरी मंद उजेडांत उपयोगी. सपाट काचेचा स्कॅनर असेल, तर फिल्मच्या नांवापेक्षां तिचा आकार महत्त्वाचा: १२० रोलच्या चौरस चित्राचें क्षेत्र ३५ मिलिमीटरच्या चित्राहून साडेतीन पटींपेक्षां अधिक असतें.

डेव्हलपर २० अंशांवर ठेवावा. वैशाखांत आपल्याकडील नळाचें पाणीही याहून ऊन असतें; बाटली बर्फाच्या पाण्यांत उभी करावी. फिल्म प्रमाणाबाहेर धुतली गेली, कीं निगेटिव्ह इतकी दाट होते, कीं चित्रांतील पांढऱ्या भागांचे बारकावे घरच्या स्कॅनरला उचलतां येत नाहींत.

स्कॅन झालें म्हणून निगेटिव्ह टाकूं नये. बाबूराव पेंटरांनीं याच कोल्हापुरांत स्वतः कॅमेरा बनविला आणि १९२० मध्यें 'सैरंध्री' पडद्यावर आणली. तो चित्रपट आज उपलब्ध नाहीं. फिल्मच उरली नाहीं, तेथें उत्तमांतला उत्तम स्कॅनर काय करणार?

त्या मुलानें अखेर ४०० ची फिल्म नेली. त्याच्या आजी दिवसभर सोप्यांत बसतात, आणि तेथें ऊन फारसें येत नाहीं.