आधारचा बारावा आकडा

प्रश्न : अर्ज भरताना आधार क्रमांकातला एक आकडा चुकला, तर संगणकाला ते लगेच कसे कळते?

उत्तर : आधारचे आकडे 12 असले, तरी शेवटचा आकडा आधीच्या 11 आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. क्रमांक टाइप होताच संगणक तेच गणित पुन्हा करतो. उत्तर जुळले नाही, तर क्रमांक नाकारतो. त्यासाठी मूळ नोंदींत डोकावावेही लागत नाही.

ही पद्धत डच गणितज्ञ याकोबस व्हरहोफ यांनी 1969 मध्ये मांडली. बँक कार्डांवरची लून पद्धत सोपी आहे, पण 09 च्या जागी 90 पडले तर ती फसते. व्हरहोफ यांनी साध्या बेरजेऐवजी पंचकोन फिरवण्या-उलटवण्याचे गणित घेतले. त्यात क्रमालाही महत्त्व असते. त्यामुळे एखादा आकडा चुकणे आणि शेजारचे दोन आकडे उलटे पडणे, या माणसाच्या हातून सर्वाधिक होणाऱ्या दोन्ही चुका त्यांची पद्धत हमखास पकडते. इतकी नेटकी युक्ती विरळाच.

मात्र मनाने रचलेल्या दहा क्रमांकांपैकी सरासरी एक या चाळणीतून निसटतो. शिवाय क्रमांक बरोबर असला, तरी तो त्याच व्यक्तीचा आहे हे यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी नाव, जन्मतारीख किंवा बोटांचे ठसे मूळ नोंदीशी ताडून पाहावेच लागतात.