१८३ दिवसांच्या भरवशावर राहू नका

“१८३ दिवसांच्या आत परत येणार ना? मग तिकडे टॅक्स नाही.” ऑनसाइटला निघालेल्या प्रत्येकाला हे ऐकवलं जातं. २०२३मध्ये पाचएक महिन्यांसाठी जर्मनीला निघताना मलाही कंपनीच्या एचआरने हेच सांगितलं होतं. पगार पुण्यातल्या खात्यात जमा होत होता, टीडीएस इथेच कापला जात होता. पुढच्या वर्षी तिथल्या कर कार्यालयाचं पत्र आलं: त्या महिन्यांच्या पगारावर कर भरा. एकाच पगारावर दोन देशांचा कर, आणि तोही पैसे घराच्या हप्त्यांत गेल्यावर.

भारत-जर्मनी दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात १८३ दिवसांची सवलत खरोखरच आहे. पण तिला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या जाव्या लागतात. मुक्काम १८३ दिवसांपेक्षा जास्त नको. पगार देणारा मालक त्या देशाचा रहिवासी नको. आणि पगाराचा बोजा त्या मालकाच्या तिथल्या शाखेवर किंवा कायम आस्थापनेवर पडता कामा नये. लोक पहिली अट पाठ करतात, गाडं अडतं ते तिसऱ्या अटीवर. माझ्या पगाराचा खर्च कंपनीने जर्मनीतल्या शाखेच्या हिशेबात टाकला होता. त्यामुळे दिवस कितीही कमी असले तरी पहिल्या दिवसापासूनचा पगार तिथे करपात्र ठरला. शाखेऐवजी उपकंपनी असली तरी निश्चिंत राहू नका. खर्च ती उचलत असेल आणि तुमच्या कामावर हुकूम तिचा चालत असेल, तर जर्मनी तिलाच खरा मालक मानू शकतं.

दिवस मोजतानाही चूक होते. फक्त कामाचे दिवस मोजायचे नसतात. शनिवार-रविवार, तिथे घालवलेली सुट्टी, आजारपण, येण्या-जाण्याचे अर्धवट दिवससुद्धा धरले जातात. बोर्डिंग पास जपून ठेवा.

इकडे भारतात मी त्या आर्थिक वर्षाचा रहिवासीच होतो, म्हणून जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिला की रहिवासी ठरतो. त्यामुळे सप्टेंबरअखेर निघणाऱ्याच्या तारखेत दोन-चार दिवस इकडे-तिकडे झाले तरी सगळं चित्र बदलतं.

माझे पैसे वाचले ते परदेशी कराच्या वजावटीमुळे. जर्मन कर भरल्याचा पुरावा जोडून फॉर्म ६७ भरला आणि ३१ डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र दाखल केलं. युरोचे रुपये करताना कर भरल्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर धरावा लागतो. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. त्यामुळे महिन्यांची फोड करावीच लागते. आणि वजावट मिळते ती दोन्ही करांपैकी कमी असलेल्या रकमेपुरतीच. जर्मन कर जास्त निघाला, तर वरचा फरक आपल्याच खिशातून जातो.

तिथे उघडलेलं बँक खातं रहिवाशाने विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायलाच हवं. साधा आयटीआर-१ अशा वेळी चालत नाही. पीएफचं कव्हरेज प्रमाणपत्र निघण्यापूर्वी घ्या, नाहीतर तिथल्या पेन्शन विम्याचीही कपात सुरू होऊ शकते. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या लेखांतले आकडे सीएकडून पडताळून घ्या.

व्हिसाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागा: माझ्या पगाराचा खर्च कोणत्या देशातल्या हिशेबात पडणार, तिथला कर कोण भरणार, आणि नंतर मागणी आली तर ती कोणाच्या अंगावर. तोंडी उत्तर घेऊन विमानात बसू नका.