लाकडी शिडाची नौका : बांधणी आणि प्रमाणाचे नियम

१. प्रास्ताविक

बंगळूर शहराच्या आग्नेयेस जाणाऱ्या सर्जापूर रोडवर उभे राहिले असता समुद्राची आठवण व्हावी असे काहीच दृष्टीस पडत नाही. पूर्वेचा आणि पश्चिमेचा, दोन्ही किनारे येथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहेत आणि भूमी समुद्रसपाटीपासून जवळजवळ नऊशे मीटर उंच आहे. तथापि कैकोंड्रहळ्ळी, कसवनहळ्ळी, बेळ्ळंदूर अशी तळी या रस्त्याच्या परिसरात आहेत आणि आषाढ-श्रावणात येथे पश्चिमेचा वाराही जोराने वाहतो. शिडाच्या नौकेचे शास्त्र शिकण्यास पाणी आणि वारा एवढी सामग्री पुरेशी आहे.

नोकरीनिमित्त या भागात येऊन राहिलेल्या एखाद्या मराठी घरातील मुलाने लाकडी नौकेचा तयार संच आणला आणि सोबतच्या नकाशाप्रमाणे ती काळजीपूर्वक जोडली, असे समजू. तिची सर्व मापे खऱ्या जहाजाच्या मापांशी तंतोतंत जुळतात. तरीही पाण्यात सोडताच ती पहिल्या झुळकेसरशी आडवी होते. आपल्या हातून काही चुकले, असे वाटून मूल खट्टू होते. वस्तुतः येथे दोष हाताचा नाही. मापे तंतोतंत जुळली, म्हणूनच ती नौका उलटली. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु ते खरे कसे, हेच या पाठात पाहावयाचे आहे.

२. नौकेचे अवयव

नौकेच्या तळातून नाळेपासून पिछाडीपर्यंत जाणारे उभे लाकूड म्हणजे तिचा कणा. त्यावर ठरावीक अंतराने आडव्या फासळ्या बसविलेल्या असतात. फासळ्यांवरून लांबट पट्ट्या जडविल्या की नौकेचे शरीर तयार होते. वर डेक, डेकमधून उभी राहणारी डोलकाठी, तिला बांधलेले शीड आणि मागे सुकाणू, हे भाग सर्वांच्या परिचयाचे आहेत. नौका स्थिर राहावी म्हणून तिच्या तळाशी जो भार ठेवतात त्यास नीरम म्हणतात. कण्याखाली उभे पाते बसवून त्याच्या टोकाशी हा भार जोडण्याची पद्धत आजच्या शर्यतीच्या नौकांत सर्वत्र आढळते.

संच दोन प्रकारचे असतात. एक शोभेच्या प्रतिकृतीचा आणि दुसरा पाण्यावर चालणाऱ्या नौकेचा. पहिल्या प्रकारात जुन्या जहाजाचे रूप हुबेहूब उतरविणे एवढाच हेतू असतो. अशी प्रतिकृती काचेच्या कपाटात शोभते. पाण्यात मात्र तिचा निभाव लागत नाही. संच घेतानाच हा भेद ध्यानात घ्यावा.

३. बांधणी

बांधणीस आरंभ करण्यापूर्वी एक सपाट, न वाकलेली फळी घ्यावी व तिच्यावर मधोमध सरळ रेषा आखावी. कणा या रेषेवर टाचून ठेवावा. प्रत्येक फासळी कण्याशी काटकोनात आहे की नाही हे गुण्याने तपासावे आणि मगच सरस लावावा. कणा या अवस्थेत वाकडा राहिला तर पुढे कोणत्याही उपायाने तो सरळ होत नाही आणि नौका जन्मभर एका अंगास वळत राहते.

पट्ट्या जडविताना एक डावीकडे लावली की तिच्या जोडीची उजवीकडे लावावी. वाकविलेली प्रत्येक पट्टी सरळ होऊ पाहते आणि सांगाड्यास आपल्या बाजूस ओढते. दोन्ही बाजूंची ओढ सारखी ठेवली तरच सांगाडा पिळला जात नाही. नाळेजवळ वाक अधिक असतो. तेथील पट्टी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, हलक्या हाताने वाकवून, चिमट्यांनी पकडून वाळू द्यावी व त्यानंतरच चिकटवावी. नाळेकडे व पिछाडीकडे नौका निमुळती होत असल्यामुळे पट्ट्यांची टोकेही तासून अरुंद करावी लागतात. हे न केल्यास त्या एकमेकींवर चढतात.

लाकूड पाणी शोषून फुगते. परंतु ते सर्व दिशांनी सारखे फुगत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्याची वाढ नगण्य असते, तर आडव्या दिशेने ती चांगलीच जाणवते. न रंगविलेली नौका पाण्यात राहिली की पट्ट्या रुंदीने फुगतात, वाळल्यावर आकसतात आणि सांध्यांत फटी पडतात. यास्तव काचकागदाने तंतूंच्या दिशेने घासून झाल्यावर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे एपॉक्सीचे अथवा पाण्यास टिकणाऱ्या रोगणाचे दोन-तीन पातळ थर द्यावेत. बाहेरून चकचकीत आणि आतून उघडी अशी नौका एका पावसाळ्यातच निकामी होते.

याच तत्त्वावर मोठ्या नौकाही बांधतात. भारतीय नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या नौका गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत तयार झाल्या. त्यांच्या शरीराचा गाभा लाकडाचा असून त्यावर काचतंतूंचे आवरण आहे. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असे करणारे ते पहिले भारतीय होत. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून हीच प्रदक्षिणा पूर्ण केली.

४. प्रमाणाचे नियम

‘तारिणी’ची लांबी सुमारे १७ मीटर आणि वजन सुमारे २३ टन आहे. तिची एकास वीस या प्रमाणात प्रतिकृती करावयाची आहे असे समजू. लांबी वीस पटींनी कमी होऊन ८५ सेंटिमीटर होईल. शिडास लांबी आणि रुंदी दोन्ही आहेत. म्हणून त्याचे क्षेत्रफळ वीसच्या वर्गाने, म्हणजे ४०० पटींनी घटेल. वजन घनफळावर अवलंबून असते. ते वीसच्या घनाने, म्हणजे ८,००० पटींनी घटून सुमारे २.९ किलोग्रॅम राहील. एकाच वस्तूचे निरनिराळे गुण अशा रीतीने निरनिराळ्या वेगाने लहान होतात. सर्व गोंधळाचे मूळ येथे आहे.

आता नौकेच्या तोलाचा विचार करू. वारा शिडास ढकलतो आणि नौका कलंडवू पाहतो. या जोराचा परिणाम दोन गोष्टींवर ठरतो : जोर किती आणि तो किती उंचीवर लागला. या दोहोंच्या गुणाकारास परिबल म्हणतात. वारा तोच असेल तर त्याचा जोर शिडाच्या क्षेत्रफळाप्रमाणे ४०० पटींनी कमी होतो, उंची वीस पटींनी कमी होते. म्हणजे कलंडविणारे परिबल ८,००० पटींनी घटते.

नौका सावरण्याचे काम तिचे वजन करते. वजन ८,००० पटींनी कमी झाले आहे आणि ते ज्या अंतरावरून काम करते ते अंतरही वीस पटींनी कमी झाले आहे. म्हणून सावरणारे परिबल १,६०,००० पटींनी घटते. कलंडविणारे परिबल आठ हजार पटींनी घटले, सावरणारे मात्र एक लक्ष साठ हजार पटींनी! तात्पर्य, प्रतिकृती मूळ नौकेपेक्षा वीस पटींनी अधिक कलती झाली.

हीच गोष्ट दुसऱ्या प्रकारे मांडता येते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रतिकृती मूळ नौकेइतकीच कलावी असे वाटत असेल तर दाब वीस पटींनी, म्हणजे वाऱ्याचा वेग वीसच्या वर्गमुळाने, सुमारे साडेचार पटींनी कमी असावा लागेल. उलट पाहिले तर ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा, ज्याने झाडांच्या लहान फांद्या हलतात, तो या प्रतिकृतीला मूळ नौकेवरील ताशी ९० किलोमीटरच्या वादळासारखा आहे. मुलाची नौका झुळकेने उलटली असे आपणांस वाटते. नौकेच्या दृष्टीने ते तुफान असते.

५. उपाय

चालणाऱ्या नौकेत मापांशी केलेली ही तडजोड हेतुपुरस्सर असते. कण्याखालचे पाते प्रमाणापेक्षा खोल करतात, शरीर शक्य तितके हलके ठेवून वाचलेले वजन नीरमात घालतात आणि शीड प्रमाणापेक्षा ठेंगणे ठेवतात. यांपैकी पहिला उपाय किती गुणकारी आहे हे एका उदाहरणाने पाहू.

८५ सेंटिमीटर लांबीच्या नौकेचे शीड २,००० चौरस सेंटिमीटर असून त्याचा मध्य पाण्यापासून ४५ सेंटिमीटर उंच आहे. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याचा त्यावरील जोर सर्जापूर रोडच्या उंचीवर स्थूलमानाने ३३५ ग्रॅम भरतो. (येथील हवा कोकणकिनाऱ्यावरील हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते, मालवणास हाच जोर त्या मानाने अधिक भरेल.) यास ४५ ने गुणिले असता कलंडविणारे परिबल सुमारे १५,००० ग्रॅम-सेंटिमीटर येते.

एक किलोग्रॅम नीरम पाण्याखाली १० सेंटिमीटरवर बसविले तर नौका पूर्ण आडवी झाली तरीही ते जास्तीत जास्त १०,००० एवढेच परिबल देऊ शकते. नौका जसजशी कलते तसतसा शिडावरील वारा कमी होतो. म्हणून ती सुमारे ४६ अंशांवर कशीबशी थांबेल, पण तोवर तिच्या डेकवर पाणी चढलेले असेल. तेच एक किलोग्रॅम २५ सेंटिमीटर खोल नेले तर नौका सुमारे २८ अंशांवर स्थिरावते. वजन एका गुंजेनेही न वाढविता केवळ त्याची जागा बदलल्याने एवढा फरक पडला. (रुंद तळामुळे मिळणारा आधार या हिशेबात सोप्यासाठी धरलेला नाही.)

नीरम बहुधा शिशाचे असते, कारण थोड्या जागेत अधिक वजन मावते. परंतु शिसे विषारी आहे. ते घरी वितळवू नये. तयार गोळा वापरावा, त्यावर रोगण द्यावे आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

६. शिडाचा आणि पाण्याचा मध्य

नौका उलटत नाही, पण सरळही जात नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. नौकेस बोटाने बाजूने ढकलले असता एका ठरावीक जागी ढकलल्यावर ती न वळता सबंध आडवी सरकते. ही जागा म्हणजे पाण्याच्या विरोधाचा मध्य. ती खडूने खुणावी. शिडाचा मध्य कागदावर काढता येतो : त्रिकोणी शिडाच्या प्रत्येक कोनातून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूस रेषा काढल्या की त्या जेथे मिळतात तो त्याचा मध्य. शिडाचा मध्य पाण्याच्या मध्याच्या फार मागे पडला तर नौकेची नाळ वाऱ्याकडे वळते. फार पुढे गेला तर वाऱ्यापासून दूर वळते. डोलकाठी थोडी पुढे-मागे करून हे दोन मध्य जुळवावेत. कलल्यावर नौकेची वृत्ती वाऱ्याकडे वळण्याची होते; म्हणून शिडाचा मध्य किंचित पुढे ठेवण्याचा प्रघात आहे.

७. प्रतिकृतीपासून जहाजाकडे

लहान मापाचा हा अभ्यास केवळ मुलांच्या करमणुकीचा नाही. इंग्लंडमध्ये विल्यम फ्राउड (१८१०–१८७९) याने निरनिराळ्या आकारांच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून त्यांना होणारा विरोध मोजला. लाटांच्या बाबतीत प्रतिकृतीचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला तरच तिच्यावरून मोठ्या जहाजाविषयी अनुमान करता येते, हे त्याने दाखवून दिले. तेव्हापासून जहाज बांधण्यापूर्वी त्याची प्रतिकृती तलावात ओढून पाहण्याची प्रथा पडली.

आपल्याकडील अगदी अलीकडचे उदाहरण ‘कौंडिण्य’ या नौकेचे आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकाच्या सुमाराचे जहाजाचे चित्र हा तिचा आधार. चित्रावरून रूप कळते, पण आराखडा मिळत नाही. खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले असे जहाज समुद्रात कसे वागेल हे सांगणारा जुना लेख उपलब्ध नव्हता. म्हणून मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रतिकृतीवर जलपरीक्षा करण्यात आल्या. गोव्यात बांधलेली ही नौका २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे नौदलात दाखल झाली. भिंतीवरील चित्र आणि प्रत्यक्ष जहाज यांमधील अंतर प्रतिकृतीने तोडले, आणि प्रमाणाचे नियम माहीत होते म्हणूनच तिची साक्ष ग्राह्य ठरली.

८. पाण्यावरील परीक्षा

प्रथम परीक्षा घरातील टबात घ्यावी. नौका पाण्यावर सरळ बसते काय, नाळ किंवा पिछाडी दबते काय, आत पाणी झिरपते काय, हे पाहावे. नंतर डोलकाठीचे टोक पाण्यास टेकेपर्यंत नौका हाताने आडवी करावी व सोडून द्यावी. ती आपोआप उभी राहिली पाहिजे. न राहिल्यास नीरम अधिक खोल न्यावे. उघड्या पाण्यावर प्रथम सकाळच्या मंद वाऱ्यात जावे. तळ्याचे पाणी स्वच्छ आहे व तेथे नौका सोडण्यास परवानगी आहे याची खात्री करून घ्यावी. सांडपाण्याने बेळ्ळंदूर तळ्यावर फेसाचे ढीग साचल्याचे आणि त्याला आग लागल्याचेही प्रसंग घडले आहेत. अशा पाण्यात हात घालू नये. पक्ष्यांच्या विणीच्या जागा टाळाव्यात आणि मुलांबरोबर वडील माणूस असावा.

९. स्वाध्याय

(१) एकास दहा या प्रमाणात ‘तारिणी’ची प्रतिकृती केल्यास तिची लांबी व वजन किती होईल? ती मूळ नौकेपेक्षा किती पटींनी अधिक कलती होईल?
(२) कलम ५ मधील नौकेचे शीड तेवढ्याच क्षेत्रफळाचे ठेवून त्याचा मध्य ४५ ऐवजी ३० सेंटिमीटर उंचीवर आणला, तर कलंडविणारे परिबल किती होईल?
(३) मुंगी आपल्या वजनाच्या अनेक पट ओझे उचलते, हत्तीस ते जमत नाही. स्नायूचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, एवढे गृहीत धरून कारण सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचा नौकेशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो प्रश्न सुटला की संबंध आपोआप कळेल. कोणतीही वस्तू लहान करताना केवळ तिची मापे लहान होतात. निसर्गाचे नियम त्या प्रमाणात लहान होत नाहीत.