चेंडू दमला, आई!

अगं, काल फोनवर तू विचारत होतीस, "ताई, शाळेत बल आणि गती सुरू झालंय, याला कसं समजावू?" तेवढ्यात मागून तुझ्या लेकाचा आवाज आला, "आई, चेंडू दमला!" आणि तू घाईघाईत म्हणालीस, "दमत नाही रे चेंडू, त्याला घर्षण म्हणतात." विषय तिथेच संपला. रात्री झोपताना मला तेच आठवत राहिलं, म्हणून आज निवांत बोलते.

मीही अगदी हेच केलं होतं. माझी लेक पाच वर्षांची असताना तिलाही चेंडू दमलेला दिसला होता, आणि मी तिच्या हातात तोच शब्द ठेवला. तिने तो पाठ केला. मग पतंग झाडाला अडकला की घर्षण, दूध उतू गेलं की घर्षण. पाहुण्यांसमोर मी कौतुकाने तिच्याकडून म्हणवूनही घ्यायचे. आज त्याचं वाईट वाटतं. चेंडू का थांबला याचं तिने स्वतः शोधलेलं उत्तर होतं. ते मी काढून घेतलं आणि तिला न कळणारा शब्द दिला.

आणि ते उत्तर काही साधंसुधं नव्हतं गं. ढकलणारं कुणी नसेल तर वस्तू थांबणारच, असं ॲरिस्टॉटललाही वाटायचं आणि पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं शहाणीसुरती माणसं तेच मानत आली. गॅलिलिओने मात्र गती प्रत्यक्ष तपासून पाहिली. लाकडी तुळईत पन्हळ कोरली, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्राचं अस्तर लावलं आणि तिरकी ठेवून त्यावरून काशाची गोळी पुन्हा पुन्हा सोडली. चांगलं घड्याळ नव्हतं, तर भांड्यातून धारेने पडणाऱ्या पाण्याचं वजन करून वेळ मोजला. 1638 मध्ये त्याने हे पुस्तकात लिहिलं. न्यूटनचे नियम त्यानंतर, 1687 मध्ये आले. तेव्हा तुझ्या लेकाला एका संध्याकाळी सगळं समजलं नाही तर जीवाला लावून घेऊ नकोस.

आता एक कर. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद मधोमध दुमडून त्याची पन्हळ कर. तिचं एक टोक एका पुस्तकावर टेकव. एकच पुस्तक घे, कारण चढ जास्त झाला तर गोटी फरशीवरून थेट पलंगाखाली जाते आणि मग अभ्यास गोटी शोधण्याचाच होतो. पन्हळीच्या तोंडाशी पहिल्यांदा टॉवेल अंथर, मग चटई, मग नुसती फरशी ठेव. गोटी सोडायच्या आधी त्याला विचार, "कुठपर्यंत जाईल?" त्याला बोटाने जागा दाखवू दे, तिथे एक बटण ठेवू दे. हा प्रश्न विसरू नकोस बाई. अंदाज न करता गोटी सोडली तर मूल फक्त गंमत बघतं. अंदाज केला असेल तर ती कुठे थांबते याची त्याला काळजी लागते.

मुलं गोटी सोडत नाहीत, ढकलतात. ओरडू नकोस. गोटीसमोर फूटपट्टी आडवी धर आणि ती त्याला वर उचलू दे. मग प्रत्येक वेळी सुरुवात सारखी होते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. टॉवेल बदललास तर पुस्तक बदलू नकोस.

मोजायला फूटपट्टीचे आकडे नकोत, लोकरीचा धागा घे. गोटी गेली तेवढा धागा त्याने कापायचा. टॉवेलचा, चटईचा आणि फरशीचा असे तीन धागे दाराच्या मागे शेजारीशेजारी चिकटवा आणि काही न बोलता त्याला बघू दे. माझ्या धाकट्याने ते बघून विचारलं होतं, "आई, टॉवेल गोटीला धरून ठेवतो का?" मी तेव्हा तरी गप्प बसले, आणि ते बरं केलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून टॉवेलवर ताट पालथं घालून त्यावर गोटी सोडून बघितली. दमण्याची गोष्ट त्याच्या बोलण्यातून कधी गळून पडली, मलाही कळलं नाही.

घर्षण हा शब्द मग दे. आणि नुसता देऊ नकोस, सहाणेवर चंदन उगाळायला बसव. हाताला जे जड लागतं, घासलं जातं, तेच ते. बल या शब्दाचीही घाई नको. आपल्या घरात 'जोर' आहेच की. 'जोर लाव', 'हळू ओढ', 'अडव त्याला' हे तो रोज ऐकतो. ढकलणं, ओढणं, अडवणं, वळवणं ही सगळी जोराचीच कामं, एवढं त्याच्या हातांना कळलं की पुस्तकातलं बल आपोआप जागेवर बसेल.

जोर डोळ्यांनी दाखवायचा असेल तर चपलांच्या खोक्याला भोक पाडून रबरबँड बांध. रबराने खोकं सावकाश ओढायचं आणि रबर किती ताणलं ते बघायचं. रिकाम्या खोक्याला थोडं ताणतं, तांदळाचा डबा आत ठेवला की बरंच. मग खोक्याखाली चारपाच गोल पेन्सिली आडव्या घाल आणि पुन्हा ओढायला सांग. डबा तोच, खोकं तेच, आणि रबर जेमतेम ताणतं! या क्षणी त्याचा चेहरा बघ, मला फोन कर. चाकाची गोष्ट सांगायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही. फक्त रबर तोंडावर बसणार नाही असं धर, आणि शेजारचं तान्हं आलं तर गोट्या उचलून ठेव, ते सगळं तोंडात घालतं.

बाकीचं जाता येता होतं. पेल्यावर पत्त्यातलं पान, पानावर नाणं ठेवून पानाला टिचकी मारली की नाणं पेल्यात पडतं. मग एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे का जातो, हे त्याला विचार. कॅरमवर पावडर टाकण्याआधी आणि नंतर तीच सोंगटी मारायला दे. फुग्याचं रॉकेट मात्र शेवटी ठेव. ते सगळ्यांनाच आवडतं, पण त्यात इतकी धमाल होते की विचारायला सवडच उरत नाही.

एक सपाट कागद आणि एक वही सोबत खाली सोडली की कागद मागे राहतो. "हलका म्हणून," असं तो म्हणेल. त्याच कागदाचा बोळा करून पुन्हा सोडायला सांग. वजन तेवढंच, तरी आता तो वहीच्या जवळपास बरोबर पोचतो. मग 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं होतं, ते सांग. तिथे हवाच नाही, त्यामुळे दोन्ही एकदमच जमिनीला टेकली. त्याची फिल्म दाखव, पण आधी त्याचा अंदाज विचार.

आणि तो चुकीचं बोलला तर लगेच सुधारू नकोस गं. "बरं, तुला असं वाटतं? कसं बघूया?" एवढं म्हण. नोकरी, घर, सासूबाईंची औषधं यात तुला किती वेळ मिळतो, ते मला माहीत आहे. पोळ्या करताकरता दहा मिनिटं पुरतात, तो स्वयंपाकघराच्या दारात बसून करेल.

दिवाळीत मी येईन तेव्हा धागे दाराच्या मागेच राहू देत. फरशीचा धागा दाराएवढा लांब झाला का आणि का झाला, हे मला त्याच्याकडूनच ऐकायचंय. तू मध्ये बोलायचं नाहीस.