मातीखालचा काळा रहिवासी

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की सह्याद्रीच्या रानात मोठी घालमेल सुरू होते. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या बिळांत पाणी शिरते. खेकडे बाहेर पडतात, बेडकांचा गजर सुरू होतो आणि पाचोळ्याखालची माती लोण्यासारखी मऊ होते. अशा दिवसांत दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटक या भागांतील घाटरस्त्यांवर कधी कधी हातभर लांबीचा, काळा कुळकुळीत असा एक प्राणी ओल्या डांबरावरून अडखळत चाललेला आढळतो. तो इतका मंद चालतो, की प्रथम तो मोठा गांडूळच वाटावा. परंतु त्याच्या अंगावर उन्हाची एखादी तिरीप पडली, की त्या काळ्या रंगातून निळ्या-जांभळ्या छटा झळकू लागतात. मग पाहणाऱ्याच्या ध्यानात येते, की हा साप आहे. आणि बहुधा त्याच क्षणी कोणीतरी काठी शोधू लागतो.

हा साप विषारी नाही. तो सहसा चावतही नाही. त्याचे सारे आयुष्य मातीत जाते आणि त्याचे मुख्य अन्न म्हणजे गांडुळे. जमिनीत राहणारे साप आपल्याकडे आणखीही आहेत. वीतभरही लांब नसलेला वाळा बागेतील कुंडीखाली सापडतो. मांडूळ तर सर्वांनाच ठाऊक आहे. त्याची शेपटी बोथट असते, म्हणून त्याला दोन तोंडे आहेत अशी खुळी समजूत पसरली आणि त्या समजुतीपायी त्या गरीब प्राण्याची चोरटी विक्रीही होऊ लागली. पण येथे ज्याची हकीकत सांगावयाची आहे, तो साप या दोहोंहून वेगळ्या कुळातील आहे. त्या कुळास मराठीत खापरखवले म्हणतात. हे कूळ दक्षिण भारत आणि श्रीलंका यांखेरीज जगात अन्यत्र कोठेही नाही.

खापरखवल्याचे शरीर म्हणजे जमीन खोदण्याचे एक यंत्रच होय. हात नाहीत, पाय नाहीत. मग तो माती उकरतो कशाने? त्याचे डोके लहान, निमुळते आणि कठीण असते; ते पहारीच्या टोकासारखे मातीत घुसते. मानेमागचा भाग मात्र जाड व बळकट असतो. कार्ल गान्स या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात या सापांच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना असे दिसून आले, की साप पुढे सरकताना त्याचा पाठीचा कणा कातडीच्या आतल्या आत नागमोडी वळतो. त्यामुळे शरीराचा पुढचा भाग फुगतो आणि बिळाच्या भिंतींवर घट्ट दाबून बसतो. असा पक्का आधार मिळाला, की डोके पुढे रेटले जाते. नंतर मागील शरीर ओढून घेतले जाते. हे कष्टाचे काम पुढच्या भागातील स्नायूंना करावे लागते. म्हणून ते गडद तांबडे असतात, तर मागील स्नायू फिके असतात. ओल्या चिखलातून जाऊनही या सापाच्या अंगाला माती फारशी चिकटत नाही. त्याच्या खवल्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा असतात. त्यांच्यामुळे माती झडते आणि त्यांच्यामुळेच अंगावर इंद्रधनुष्याचे रंग खेळतात.

या कुळातील पुष्कळ सापांची शेपटी तिरकी कापल्यासारखी दिसते. तिच्या टोकावर खरखरीत खवल्यांची ढाल असते. तिला मातीचा गोळा चिकटतो आणि बिळात मागून येणाऱ्या शत्रूची वाट बुजते. आपल्या काळ्या सापाच्या शेपटीवर मात्र अशी ढाल नाही. उलट, त्याच्या हनुवटीखाली एक खाच आहे, जी या कुळातील इतर सापांत नसते. असे वेगळेपण असलेल्या सापांच्या गटास १८६४ साली गुंथर या शास्त्रज्ञांनी ‘मेलॅनोफिडियम’ असे नाव दिले. त्याचा अर्थ ‘काळा साप’ एवढाच!

त्या काळी मद्रास इलाख्यात रिचर्ड हेन्री बेडोम नावाचे एक लष्करी व वन अधिकारी होते. दक्षिणेतील डोंगर पालथे घालून त्यांनी कितीतरी वनस्पती व साप जमविले. या काळ्या गटातील तीन जातींचे पहिले वर्णन त्यांचेच. त्यांपैकी तिसरी जात, ‘पंक्टॅटम’ म्हणजे ठिपकेदार, त्यांनी १८७१ साली प्रसिद्ध केली. पुढे महाराष्ट्र-गोव्याकडे असाच काळा साप सापडला, तेव्हा तोही पंक्टॅटमच, असे अभ्यासकांनी गृहीत धरले. रूप सारखे, रंग सारखा. शंका तरी कोणास यावी? अशा रीतीने आपल्या डोंगरांतला साप अनेक वर्षे दुसऱ्याच्याच नावाने वावरत राहिला.

नाव चुकले म्हणून सापाचे काय बिघडले, असे कोणी विचारील. परंतु दोन जाती एकच मानल्या, तर ती एक जात फार मोठ्या प्रदेशात नांदते आहे, असा भास होतो. मग एका भागातील साप नाहीसे झाले, तरी ‘दुसरीकडे आहेतच की,’ असे म्हणून कोणी काळजी करीत नाही. आणि एक संपूर्ण जात नाव मिळण्यापूर्वीच नष्ट होऊ शकते.

हा घोळ सोडविण्यास चार अभ्यासक पुढे आले. वरद गिरी व अशोक कॅप्टन हे भारतातील. डेव्हिड गॉवर व मार्क विल्किन्सन हे लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील. असे काम घाईचे नव्हे. सापाच्या पोटाखालील खवले डोक्यापासून शेपटीपर्यंत एकेक करून मोजावे लागतात. डोक्यावरील खवल्यांची मांडणी भिंगाखाली ताडून पाहावी लागते. संग्रहालयांतील जुन्या बरण्या धुंडाळून पूर्वीच्या नमुन्यांशी तुलना करावी लागते. त्या तपासणीअंती उत्तरेकडील साप ही निराळीच जात असल्याचे ठरले आणि २०१६ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. १८७१ नंतर या गटात पडलेली ही पहिलीच भर होय.

नव्या जातीला ‘मेलॅनोफिडियम खैरेई’ असे नाव देण्यात आले. हा मान पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचा. सापाला डिवचले नाही तर तो चावत नाही, हे लोकांना पटावे म्हणून खैरे १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते. कात्रजच्या सर्पोद्यानाची उभारणीही त्यांचीच. ज्या सापाला आपले नाव मिळाले, तो मात्र इतका निरुपद्रवी, की त्याच्याबरोबर राहण्यास धैर्य मुळीच लागू नये!

पावसाळ्यात हा साप रस्त्यावर आला, की त्याला परतीची घाई असते. कारण डांबरात डोके खुपसता येत नाही आणि वाहने थांबत नाहीत. एखादा जाणता मनुष्य त्याला अलगद उचलतो, तेव्हा तो दंश न करता बोटांभोवती वेटोळे घालतो आणि दोन बोटांच्या फटीत डोके खुपसू लागतो. त्याला ती मातीतली वाटच वाटत असावी. रस्त्यापलीकडच्या पाचोळ्यावर ठेवले, की तो क्षणभर निश्चल राहतो. मग डोके ओल्या मातीत शिरते, मानेमागचा भाग फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. आणि थोड्याच वेळात काळ्या शेपटीचे टोकही पाचोळ्याखाली दिसेनासे होते.