मनगटाला माऊसपासून सुटी द्या

जून-जुलैत वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठेही जा, सेवा केंद्रांपुढे रांगा असतातच. आधी दाखल्यांसाठी विद्यार्थी येतात, मग पीक विम्यासाठी शेतकरी. गर्दी ओसरली की केंद्र चालवणारे दवाखान्यात येतात. तक्रार बहुधा एकच: "रात्री हाताला मुंग्या येतात, झोपमोड होते."

मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात असतील तर मनगटातली मीडियन नस दबत असावी. करंगळीत असतील तर कोपर किंवा मान तपासावी लागते. निव्वळ कॉम्प्युटरमुळे नस दबते असं मी म्हणणार नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांत ती सहज दबते. पण मनगट वाकवून तासन्‌तास माऊस फिरवला की त्रास वाढतो.

म्हणून मलमाआधी की-बोर्ड. अर्जात पुढच्या रकान्यात जायला टॅब दाबा, मागे यायला शिफ्ट आणि टॅब. चौकटीत टिक करायला स्पेसबार पुरतो. तालुक्यांच्या लांब यादीत नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं की बहुतेक वेळा यादी तिथं पोचते. मराठी-इंग्रजी बदलायला विंडोज आणि स्पेस. विंडोज आणि व्ही दाबून सोय एकदा सुरू केली की कॉपी केलेल्या मागच्या ओळीही पुन्हा मिळतात. मात्र त्यात लोकांचे आधार क्रमांकही राहतात, केंद्र बंद करताना यादी पुसा. हे डॉक्टरचं काम नाही, तरी सांगतो.

अक्षर दिसत नाही म्हणून मान पुढे काढू नका. कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबा, पान मोठं होईल; कंट्रोल आणि शून्याने पूर्ववत. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि तोंडावर सोडलेला कूलर, मग डोळे चुरचुरणारच. कूलरचं तोंड फिरवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद रस्त्यापलीकडे बघा. अधूनमधून विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा आणि उठा. रांगेतली माणसं दोन मिनिटं थांबतात.

दिवसाही बधिरपणा राहत असेल, हातातून वस्तू सुटत असतील किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग खोलगट दिसत असेल, तर मालिश करत बसू नका. हंगाम संपायची वाट न पाहता डॉक्टरांना हात दाखवा.